लाल दोऱ्याचा जोडा

मी एक जुना जोडा आहे. जुना म्हणजे टाकाऊ नव्हे, हे मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, कारण या बाबतीत मी जरा हळवा आहे. माझा तळ कितीतरी वेळा बदलला. पण वरचे कातडे पहिल्या दिवसाचेच आहे, आणि नाकावरची वेलही अजून ओळखू येते. आम्ही दोघे असलो तरी आमचे मन एकच, म्हणून मी 'मी' असेच म्हणतो. आज आमच्यातला एक डावा आहे आणि एक उजवा. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? पण जन्माला आलो तेव्हा आमच्यात डावा-उजवा असे काही नव्हतेच. माझी सगळी गोष्ट त्यातूनच झाली.

शहाद्याच्या बाजारात सलाउद्दीन नावाचे कारागीर होते. त्यांच्या दुकानात मी घडलो. तळाला म्हशीचे जाड कातडे, वर बकऱ्याचे मऊ. बाभळीच्या सालीत मुरलेल्या कातड्याचा तो तुरट वास मला अजूनही आठवतो. सलाउद्दीन मला लाकडी पावलावर चढवून शिवत. त्या लाकडी पावलाला कलबूत म्हणतात. त्यांच्याकडची सगळी कलबुते सरळ होती, दोन्ही पायांना एकच. वडिलांच्या हातून त्यांना ती तशीच मिळाली होती आणि वडिलांना त्यांच्या वडिलांकडून. माझ्या नाकावर पिवळ्या रेशमाची वेल काढली ती त्यांच्या बायकोने, मेहरुन्निसाने. काम करताना ती गुणगुणत असे, त्यामुळे माझे बालपण सुखाचे गेले असे मी समजतो.

मला विकत घेतले जन्नतबीने. ती बांगड्या विकणारी होती. डोक्यावर टोपली घेऊन लोणखेड्यापासून प्रकाशा गावापर्यंत पायी फिरायची आणि घरोघरच्या बायकांच्या हातात काचेच्या बांगड्या भरायची. सलाउद्दीनने मला तिच्या पुढ्यात ठेवले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत तेच तिलाही सांगितले.

"आपा, एकच ध्यानमा ठेव. रोज पाय बदल. आज हाऊ डावामा, तं सकाय उजवामा. मंग जोडा एकसारखा झिजी."

तेव्हाची रीतच तशी होती. दोन्ही जोडे सरळ, म्हणून आजचा डावा उद्या उजवा. कुणाचा जोडा एका बाजूने झिजलेला दिसला की लोक म्हणत, हा आळशी आहे, पाय बदलत नाही. जन्नतबी आळशी नव्हती. रोज सकाळी ती न चुकता मला बदलून घाली.

तिच्या पायात गेलो आणि पहिल्याच आठवड्यात मला कळले की या पायांचे काहीतरी वेगळे आहे. बहुतेकांच्या तळपायाला आतल्या बाजूने एक खोलगट कमान असते. जन्नतबीची कमान अंगभार पडला की जमिनीला टेकायची आणि घोटे आत झुकायचे. सकाळी ती ठीक चाले. दुपार झाली की तिचे गुडघे दुखू लागत, पायाची बोटे आत वळत आणि माझे एक नाक दुसऱ्याला घासू लागे. संध्याकाळी घरी आली की ती उंबऱ्यावर बसून पोटऱ्या दाबत बसायची. कुणी विचारले तर म्हणायची, "टोपली जड शे." टोपलीचा काही दोष नव्हता. पण मला कोण विचारणार?

दरवर्षी ती जुना जोडा घेऊन सलाउद्दीनकडे जाई, तशी त्या वर्षीही मला घेऊन गेली. त्यांनी मला उलटे करून पाहिले. तळ सगळीकडून सारखा झिजलेला. का नसणार? डाव्या पायाने आत झिजवले तेवढेच दुसऱ्या दिवशी उजव्या पायाने दुसरीकडून झिजवले होते. सलाउद्दीन समाधानाने म्हणाले, "आपा, चाल तुन्ही एकदम सरळ शे." तिने मान हलवली. गुडघे मात्र दुखतच राहिले.

मग आली ती आखाजी. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि नव्या बांगड्या भरतात. जन्नतबीला त्या दिवसांत उसंत नसे. प्रकाशाला तापीकाठी जसोदाबाई नावाच्या गुजर बाईंचे मोठे घर होते. कपाशी, केळी, माणसांचा राबता. त्या घरात आलेल्या प्रत्येक सुनेचा चुडा जन्नतबीने भरला होता. जसोदाबाईंची नात वत्सला, तिची सोयरीक नुकतीच ठरली होती आणि पुढच्या आखाजीनंतर लग्न होते.

जन्नतबी भर दुपारी त्या अंगणात शिरली. वत्सला झोक्यावरून उतरून तिच्याकडे धावली. जन्नतबीही घाईने पुढे झाली आणि ओट्याच्या पायरीशी तिचा उजवा घोटा आत मुडपला. ती पडली. डोक्यावरची टोपली थेट वत्सलाच्या पायांपाशी आपटली आणि काचांचा सडा पडला. एकजण म्हणाली, "फुटन्यात." दुसरीने लगेच तिच्या तोंडावर हात ठेवला, कारण बांगडी फुटली असे बोलत नाहीत, वाढली म्हणतात. पण शब्द तोंडातून गेला तो गेलाच. सोयरीक झालेली मुलगी समोर उभी, आणि तिच्या पायाशी एवढ्या बांगड्या. बायकांनी वत्सलाला मागे ओढले.

एका सुनेने जन्नतबीच्या घोट्याला हळद लावली. जसोदाबाईंनी तिला गाडीतून घरी पाठवले. आणि खापर कुणावर फुटले सांगा? माझ्यावर. "जोडाच वाईट," असे तीन बायका म्हणाल्या. मला फार लागले, पण जोड्याने काय बोलायचे?

काही दिवसांनी जसोदाबाई शहाद्याच्या बाजाराला आल्या, तेव्हा मुद्दाम जन्नतबीच्या दारात थांबल्या. बाई मनाने चांगल्या होत्या. बोलताना त्या जन्नतबीकडे न बघता माझ्याकडेच बघत होत्या.

"जन्नत, मन्हा मनमा तुन्हाबद्दल काहीच नई. पण घरमा लोके बोली ऱ्हायनात. वत्सलाना चुडा भराले आम्ही दुसरीले बलावसूत. तू लगीनले ये, जेव, पोरले आशीर्वाद दे."

जन्नतबीने मला पायाने जरा मागे सरकवले. मग एवढेच म्हणाली, "तिन्ही मायना चुडा बी मीच भरेल शे, जसोदाबेन."

"माले ठाऊक शे," जसोदाबाई म्हणाल्या आणि गेल्या.

मित्रांनो, बांगड्यांचे चार पैसे कुठेही मिळतात. पण वधूचा हात पहिल्यांदा ज्या बाईच्या हातात देतात, तिचा त्या घराशी नातेवाइकासारखा संबंध असतो. जन्नतबीच्या हातून तो संबंध गेला होता. त्या दिवशी ती जेवली नाही, हे मी पाहिले.

तिचा उजवा घोटा सुजलेलाच राहिला. तो पाय जाईना म्हणून तिने माझ्यातल्या एकाची मागची कड दाबून दुमडली आणि त्यातच तो पाय सरकवू लागली. कड दुमडलेला उजव्याला, दुसरा डाव्याला. पाय बदलणे बंद झाले. दूरच्या गावांचा नाद सोडून ती फक्त लोणखेड्यापर्यंत जाई आणि परत येई. असे पुष्कळ महिने गेले.

हिवाळ्यात एके सकाळी ती मला घेऊन सलाउद्दीनच्या दुकानात गेली. त्यांनी मला उलटे केले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आपा, तू पाय बदलत नई ना? दख, कसा वाया गया जोडा."

"सुजेल पाय दुसरामा जातच नव्हता, भाई. कशी बदलू?"

त्यांनी मला समोरच्या दगडावर शेजारी शेजारी ठेवले. आम्ही सरळ उभे राहिलोच नाही. दोघांचीही आतली कड पार झिजली होती, त्यामुळे एकमेकांवर रेलून राहिलो. सलाउद्दीन हातोडी घेऊन बसले होते, पण ती काही उचलेनात.

तेवढ्यात मेहरुन्निसा हात पुसत पुढे आली. जन्नतबी आली आहे तर बांगड्या भरून घ्याव्यात, असा तिचा बेत होता. जन्नतबीने तिचा डावा हात दाबून भरला, मग उजव्यासाठी वेगळ्या माळेतून बांगड्या काढल्या.

"आपा, या हातले मोठ्या काबर?"

"उजवा हात कामना ऱ्हास. हाड जाड व्हस. दोन हात एकसारखा आसा माणूस माले अजून भेटना नई."

सलाउद्दीनने मान वर केली. त्यांची नजर मेहरुन्निसाच्या हातांवरून माझ्यावर आली.

"मंग पाय?" ते म्हणाले.

"पायनं तुले ठाऊक, भाई. मी हातवाली शे."

दुकानात कातडे भिजवायची कुंडी होती. सलाउद्दीनने जन्नतबीला त्यात पाय बुडवून कोरड्या फरशीवर उभे राहायला सांगितले. ती संकोचली, पण उभी राहिली. मग मेहरुन्निसालाही तसेच करायला लावले. मेहरुन्निसाच्या ओल्या पावलात आतल्या बाजूला कोरडी जागा होती. जन्नतबीचे पाऊल मात्र सगळेच्या सगळे ओले उमटले, फरशीवर भाकरी थापल्यासारखे. तिघेही वाकून पाहत राहिले.

"तुन्हा पाय आतमा पडस, आपा," सलाउद्दीन म्हणाले. "दोन्ही. पाय बदलीसन तू दर सालले एकसारखा जोडा आणी माले दखाडे, नि मी म्हणू चाल सरळ शे. नि पाय बदलाले मीच सांगेल व्हतं."

मग त्यांनी मला मांडीवर घेतले आणि माझे टाके उसवायला सुरुवात केली. टाके उसवताना दुखते का, असे तुम्हाला वाटेल. दुखते. पण तेव्हा मला आनंदही झाला होता, कारण पहिल्यांदाच कुणीतरी मला दोष न देता माझ्याकडे पाहत होते.

सगळे एकदम जमले असे मात्र नाही. पहिल्यांदा त्यांनी आत कापसाची जाड गादी घातली. दुकानात जन्नतबीला फार बरे वाटले. लोणखेड्यापर्यंत जाईतो कापूस दबला आणि पाय आणखीच आत गेला. दुसऱ्यांदा त्यांनी आतल्या बाजूला कडक कातड्याचा तुकडा घातला, पण तो इतका उंच झाला की बाहेरच्या घोट्याला घट्टे पडले. तिसऱ्यांदा ते शहाणे झाले. मापे घेण्याऐवजी त्यांनी तिला रस्त्यावर चालायला लावले, स्वतः मागून चालत गेले, परत आले, रापीच्या पात्याने कातड्याचा पापुद्रा काढला, पुन्हा चालायला लावले. बाजारातले लोक हसत होते. शेवटी टाचेच्या आतल्या अर्ध्या भागाखाली म्हशीच्या कातड्याची उतरती पाचर बसली, कमानीखाली तिचाच पातळ होत गेलेला आधार आला, आणि टाचेभोवतीची कड दुहेरी कातड्याची, ताठ झाली. नवी कलबुतेही त्यांनी कोरली, एक डावे आणि एक उजवे. त्या दिवसापासून मी डावा आणि उजवा झालो.

आता पाय बदलून चालणार नव्हते. उंच बाजू चुकून बाहेर आली तर पाय आणखी आत ढकलला गेला असता. म्हणून मेहरुन्निसाने दोघांच्याही आतल्या कडेला लाल दोऱ्याची एक रेघ शिवली.

"लाल दोरा लाल दोराना समोर," सलाउद्दीन म्हणाले. "एवढंच ध्यानमा ठेव, आपा."

सवय मात्र सहज जात नाही. आठवड्याच्या आत एकदा तिने सकाळच्या गडबडीत मला बदलून घातले. गोमाई नदी ओलांडेपर्यंत तिचे गुडघे ओरडू लागले. ती बांधावर टेकली, तिने खाली पाहिले, लाल दोरे बाहेरच्या बाजूला. ती एकटीच खूप हसली. पडल्यापासून तिचे हसणे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

हळूहळू तिची सूज उतरली. दुपारनंतरही तिची बोटे सरळ राहू लागली. लोक थट्टा करत, "जन्नतबी साहेबी जोडा घालस." ती मनावर घेत नसे. प्रकाशाला मात्र ती गेली नाही. आखाजी आली आणि गेली. वत्सलाच्या लग्नाचा दिवस जवळ आला, तेव्हा तिने टोपली उतरवून कोपऱ्यात ठेवली आणि दोन दिवस कुठेच गेली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी उभी राहिली. जसोदाबाईंचा गडी दगा आला होता. त्याने सांगितले ते असे: नवी बांगडीवाली आली होती. तिने वत्सलाचा हात धरला आणि म्हणाली, हात सैल सोड. हात काही सैल सुटेना. वत्सलाने मूठ आवळूनच धरली होती. सगळ्यांनी समजावले, रागावून पाहिले. शेवटी ती मुलगी रडत म्हणाली, "जन्नतमावशीले बलावा. मन्हा हात तिलेच ठाऊक शे." मग जसोदाबाईंनीच गाडी जुंपायला लावली.

जन्नतबीने टोपली भरली, माझ्यात पाय घातले, लाल समोर लाल. दगाने गाडीत गवताची बैठक केली होती. ती गाडीत बसली नाही.

"मी चालतांना पडनी व्हती, दगा. आज बी चालीसनच जासू."

"मंग गाडी कसाले आणेल शे मी?" दगा म्हणाला. "बैलेसले बी लाज वाटी ऱ्हायनी."

पण ती निघाली. पुढे डोक्यावर टोपली घेतलेली जन्नतबी आणि मागून रिकामी गाडी हाकणारा दगा, असे आम्ही प्रकाशाच्या रस्त्याने गेलो. वैशाखाचे ऊन होते, धूळ तापली होती. मला भीती वाटत होती. नव्या पाचरीने एवढा लांबचा रस्ता कधी पाहिला नव्हता. मी जर आज ढळलो असतो, तर त्या अंगणात तिला पुन्हा कधी पाय ठेवता आला नसता. अर्ध्या वाटेत दगाने दोनदा बसायला विनवले. ती नुसता हात हलवून नको म्हणाली.

अंगणात मांडव होता आणि मांडवात माणसे. ती शिरली तशी माणसे बाजूला झाली. सगळ्यांचे डोळे तिच्या पायांवर, म्हणजे माझ्यावर. मी आयुष्यात इतका ताठ कधी उभा राहिलो नव्हतो. ती ओट्याच्या त्याच पायरीशी आली, टोपली न हलवता खाली बसली, मला काढून एका बाजूला ठेवले आणि अनवाणी आत गेली.

आत काय झाले ते मला दिसले नाही. जोड्याची जागा बाहेर. पण दारातून तिचा आवाज आला, "हात सैल सोड, बेटा," आणि थोड्या वेळाने बांगड्यांची किणकिण सुरू झाली. एकही बांगडी वाढली नाही. मी कान देऊन ऐकत होतो.

मांडवात पाहुणे येत होते. शेकडो जोडे येऊन पडले. कुणाच्या पायाचा धक्का लागून आमची ताटातूट झाली. एकजण तुळशीपाशी, दुसरा गाडीच्या चाकाखाली. जन्नतबी बाहेर आली तेव्हा ओट्यावर उभी राहून इकडेतिकडे शोधू लागली.

आणि मित्रांनो, मी पाहिले ते सांगतो. जसोदाबाई तिच्या मागोमाग बाहेर आल्या होत्या. लग्नघरची कर्ती बाई, अंगावर नवे लुगडे. त्या पायऱ्या उतरल्या, तुळशीपासून एकाला उचलले, चाकाजवळ वाकून दुसऱ्याला काढले आणि दोघांना जन्नतबीच्या पुढ्यात मांडले. लाल दोऱ्यासमोर लाल दोरा. तिने मला काढून ठेवले तेव्हा त्यांनी ते पाहून ठेवले होते, आणि पाचरीची हकीकत बांगड्या भरताना तिच्याकडून ऐकली असावी.

"आसाच ना, जन्नत?" त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात बोलल्या, "मी त्याले अपशकुन म्हणनू. ते तं तुन्हा पायनं दुखणं व्हतं. वरीसभरमा मी एक डाव बी इचारं नई, पाय कसा शे म्हणून."

जन्नतबीच्या डोळ्यांत पाणी आले. "आते बरा शे, जसोदाबेन," ती म्हणाली आणि माझ्यात पाय घातले.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे चाललो. वत्सलाच्या मुलींच्या हातात पहिल्या बांगड्या चढल्या, तेव्हाही ओट्याखाली मीच होतो. जन्नतबी थकली, मग गेली. तिच्या सुनेने मला दारामागच्या खिळ्याला टांगले. बाजारात तयार जोडे आले, डावे-उजवे, चकचकीत, आणि सगळे तेच घालू लागले. माझ्यावर धूळ साचली. कोळ्याने उजव्यात घर केले. कुणी माझ्याकडे पाहीना, आणि मला वाईट वाटत असे, हे लपवण्यात अर्थ नाही.

जन्नतबीची नात मदिना आता मोठी झाली आहे. ती वारंवार अडखळत असे. तिची आई दिवसभर म्हणत असे, "नीट चाल. पाय ओढू नको." मग गेल्या महिन्यात घरात कुणी नसताना मदिनाने मला खिळ्यावरून काढले, कोळ्याला हाकलले आणि घालून पाहिले. आधी उलटे घातले. दोन पावले टाकून थांबली, खाली वाकली, दोरे पाहिले आणि मला बदलले. मग ती दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

तिची आई पाण्याचा हंडा घेऊन अंगणात आली आणि तिथेच थबकली. आतून येणारी पावले तिच्या ओळखीची होती. "मन्ही सासू चाले तशी," ती स्वतःशीच म्हणाली. तिने हंडा खाली ठेवला. दारात मदिनाच्या रोजच्या चपला पडल्या होत्या. त्या तिने उचलल्या आणि पहिल्यांदाच उलट्या करून पाहिल्या. आतल्या कडा झिजून पातळ झाल्या होत्या. त्या दिवसापासून मदिनाला कुणी नीट चाल म्हटलेले मी ऐकले नाही.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. मला तेल लावून कपाटात ठेवू नका. मी चालण्यासाठी जन्मलो आहे. पण तुमच्या शेजारचे कुणी अडखळले, तर त्याला बोल लावण्याआधी त्याचा जोडा एकदा उलटा करून पाहा आणि पाय दुखतो का, ते विचारा. जसोदाबाईंना विचारायला एक वर्ष लागले. तुम्ही एवढा वेळ लावू नका.

मदिना हाक मारते आहे. आम्हाला लोणखेड्याला जायचे आहे. लाल समोर लाल.